आधी मरण ओसरलं, मग कारखाने आले: स्वीडन, १७४९ ते १९४८

१७७३ साली स्वीडनमध्ये जेवढी मुलं जन्मली, त्याच्या दुपटीने माणसं मेली. जन्मदर दर हजारी २५ च्या आसपास आणि मृत्युदर ५२ च्या वर. जेमतेम वीस लाखांच्या देशात बारा महिन्यांत एक लाखाहून जास्त मृत्यू. त्याआधी पिकं बुडाली होती, आणि उपासमारीने खंगलेल्या गावांत हगवण आणि टायफस शिरले होते. अशी वर्षं तेव्हा युरोपभर येत असत. स्वीडनचं वेगळेपण एवढंच, की तिथे हे मोजलं गेलं. गावोगावी, वयानुसार, बाई-पुरुष वेगळे करून, मरणाचं कारण लिहून.

औद्योगिकीकरणाबरोबर जन्मदर आणि मृत्युदर कसे बदलतात, हे शिकवताना एक ठरलेली आकृती काढली जाते. सुरुवातीला दोन्ही रेषा वर, मग मृत्यूची रेषा खाली, बऱ्याच काळाने जन्माचीही खाली, आणि मधल्या फटीत लोकसंख्या फुगते. अमेरिकेच्या वॉरन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये या टप्प्यांची मांडणी केली, १९४५ मध्ये फ्रँक नोटेस्टाइन यांनी तिला ठाशीव रूप दिलं. आकृती बरोबर आहे. पण तिच्यासोबत नकळत एक गोष्ट गळी उतरवली जाते: कारखाने आले म्हणून मरण हटलं, आणि कारखाने आले म्हणूनच पाळणे कमी झाले. ही गोष्ट तपासायला स्वीडनइतका चांगला देश दुसरा नाही, कारण तिथली नोंद कारखान्यांच्या शंभर वर्षं आधीपासूनची आहे. आणि तपासली की तिचा पहिला अर्धा भाग टिकत नाही.

पाळकाची चोपडी

१६८६ च्या चर्च कायद्याने प्रत्येक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) पाळकावर, म्हणजे तिथल्या धर्मगुरूवर, जन्म, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याची जबाबदारी टाकली होती. त्याच्याकडे आणखी एक चोपडी असे. घरोघर जाऊन कोणाला वाचता येतं, कोणाला धर्माची प्रश्नोत्तरं पाठ आहेत, हे तो त्यात टिपायचा. त्यामुळे कुठल्या घरात किती माणसं आहेत, कोण कामासाठी कुठे गेलं, हे त्याला तोंडपाठ असे. १७४९ मध्ये या चोपड्यांवर एक सरकारी यंत्रणा उभी राहिली, ताबेलवेर्केट. पाळकाने छापील तक्ता भरायचा, तो वर पाठवायचा, वर बेरजा व्हायच्या.

त्या तक्त्यात मरणाच्या कारणांचे रकाने होते. देवी, गोवर, डांग्या खोकला, म्हातारपण. आणि एक रकाना असा होता की तो वाचताना हात थबकतो: आईच्या किंवा दूध पाजणाऱ्या दाईच्या अंगाखाली गुदमरून मेलेली मुलं. डॉक्टर नसलेल्या गावात सकाळी थंडगार सापडलेलं तान्हं मूल पाळक याच रकान्यात टाकत असणार. त्यातली किती मुलं खरोखर गुदमरली आणि किती दुसऱ्याच कशाने गेली, हे तक्त्यावरून ठरवता येत नाही. जुनी आकडेवारी वापरताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. मृत्यूची संख्या भरवशाची आहे, कारणांचा रकाना तेवढा नाही.

पहिल्या बेरजा आल्या तेव्हा सरकार हादरलं. देश वाटला होता त्यापेक्षा बराच रिकामा निघाला. आजच्या स्वीडनच्या हद्दीत १७५० मध्ये फक्त १७.८ लाख माणसं होती. शेजारच्या सत्तांना हे कळू नये म्हणून सुरुवातीला आकडे गुप्त ठेवले गेले. पुढे पेर वार्गेन्तिन या खगोलशास्त्रज्ञाने, विज्ञान अकादमीच्या सचिवाने, १७६६ मध्ये त्यांवरून आयुर्मानाचे तक्ते प्रसिद्ध केले. गुरूच्या चंद्रांच्या हालचालींचं गणित मांडणारा माणूस आपल्या देशातल्या लोकांच्या मरणाचं गणित मांडायला बसला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आकडे काय सांगतात

दर हजार लोकसंख्येमागे, दशकाची सरासरी, पूर्णांकात:

१७५१–६०: जन्म ३६, मृत्यू २७
१८२१–३०: जन्म ३५, मृत्यू २४
१८६१–७०: जन्म ३१, मृत्यू २०
१८९१–१९००: जन्म २७, मृत्यू १६
१९२१–३०: जन्म १७ ते १८, मृत्यू १२
१९३१–४०: जन्म १४ ते १५, मृत्यू १२

मृत्यूचा रकाना वरून खाली वाचा. २७ वरून १२ पर्यंत पंधरा अंकांची उतरंड आहे आणि त्यातले सात अंक १८७० च्या आत उतरले आहेत. त्या वेळी स्वीडन कसा होता? दर दहातले सातहून जास्त लोक शेतीवर जगत होते. वाफेवर चालणारी पहिली करवती गिरणी सुन्द्सवाल शहराजवळ तूनादाल इथे १८४९ मध्ये सुरू झाली होती. सरकारी रेल्वे १८५६ ची. कारखानदारीने खरा जोर धरला तो १८७० नंतर. म्हणजे मरणाची जवळपास निम्मी उतरंड पार झाली तेव्हा देशात धुराडी अजून तुरळकच होती.

मग कशामुळे उतरलं? बिशप आणि कवी असलेल्या एसाइअस तेग्नेर यांनी १८३३ मध्येच तीन शब्दांत उत्तर दिलं होतं: शांतता, लस आणि बटाटा. स्वीडिश शाळांमध्ये हे तीन शब्द आजही सांगितले जातात. मला वाटतं, ते अपुरे आहेत पण चुकीचे नाहीत.

शांततेचं समजायला सोपं आहे. १८०९ मध्ये रशियाशी लढाई चालू असताना मृत्युदर पुन्हा ४० वर गेला होता, कारण सैन्यासोबत रोगही गावोगाव फिरतात. १८१४ नंतर स्वीडनने युद्ध केलेलं नाही. बटाट्याचंही तसंच. खडकाळ, थंड जमिनीच्या छोट्या तुकड्यावर धान्यापेक्षा कितीतरी जास्त माणसांचं पोट तो भरतो आणि धान्य बुडालं तरी बऱ्याचदा तो हाती लागतो. १७७३ सारखं वर्ष पुन्हा आलं नाही, यात त्याचा वाटा आहे.

लसीची हकीगत जरा थांबून सांगण्यासारखी आहे. १८०० साली देवीने स्वीडनमध्ये सुमारे १२,००० माणसं नेली, त्यात बहुतेक लहान मुलं. पुढच्याच वर्षी इंग्लिश डॉक्टर जेन्नरची देवीवरची लस देशात आली आणि १८१६ मध्ये ती सक्तीची झाली. १८२० च्या दशकात अशीही वर्षं आली की देवीने मेलेल्यांचा आकडा शंभराच्या आत होता. एवढ्या विखुरलेल्या देशात, इतके थोडे डॉक्टर असताना, लस टोचली कोणी? बहुतांश चर्चच्या सेवकांनी. रविवारी प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजवणारा, घंटा बडवणारा, मुलांना अक्षरं शिकवणारा माणूस आठवडाभरात दंडावर लस टोचायचा, आणि कोणाला टोचली हे पाळक चोपडीत लिहायचा. जी व्यवस्था माणसं मोजत होती, तीच माणसं वाचवायलाही कामी आली. देवीला हरवायला कारखाना लागला नाही. नावांची यादी आणि घरापर्यंत पोचणारा ओळखीचा माणूस एवढ्यावर काम झालं.

दुसरं उदाहरण अगदी उत्तरेचं, फिनलंडच्या सीमेवरच्या नेदेरतूर्नेओ पॅरिशचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी जवळजवळ दोन मुलं पहिल्या वर्षातच मरत. देशाची सरासरी त्याच्या निम्म्याजवळ होती. गरिबी इतरत्रही होती, थंडीही. फरक दुधात होता. तिथल्या आया मुलाला अंगावर पाजत नसत. गाईचं पोकळ शिंग घ्यायचं, त्याच्या टोकाला कातड्याचं बोंडूक बांधायचं, त्यात गाईचं दूध भरायचं आणि शिंग पाळण्याशी टांगून कामाला जायचं. उन्हाळ्यात गवतकापणीच्या दिवसांत बाई दिवसभर कुरणात आणि शिंगातलं दूध आंबट, कुजकं. ते शिंग आतून नीट धुता येत नाही, हे हातात घेतलं की लगेच कळतं. १८४० च्या दशकात तिथले जिल्हा डॉक्टर आणि शिकलेल्या सुईणी घरोघर जाऊन आयांच्या मागे लागले. अंगावर पाजा, शिंग टाकून द्या. बालमृत्यू घसरले. कारखाना नाही, पगारवाढ नाही, नवं औषध नाही. एक शिंग गेलं.

या बायकांना नंतरच्या काळात निर्दय ठरवलं गेलं. मला ते मान्य नाही. पाजण्यासाठी दिवसातून सात-आठ वेळा कामावरून घरी येणं ज्या शेतीत शक्य नव्हतं, त्या शेतीतला तो एक वाईट पण समजण्यासारखा तोडगा होता.

मधली फट

मरण कमी झालं, जन्म तसेच राहिले. १७५० चे १७.८ लाख १८५० मध्ये ३४.८ लाख झाले. शंभर वर्षांत दुप्पट. ही वाढ राहिली कुठे? शहरात नाही, कारण शहरं तेव्हा माणसं गिळत होती. स्टॉकहोममध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जन्मापेक्षा मृत्यू जास्त होते. खेड्यातून सतत लोक येत राहिले म्हणून शहर टिकलं.

वाढ खेड्यातच राहिली आणि ती जवळजवळ सगळी भूमिहीनांची होती. शेतमालकांची संख्या फारशी वाढली नाही, बिनजमिनीच्या कुटुंबांची कित्येक पट वाढली. त्यांच्यात थर होते. टोर्पारे म्हणजे मालकाच्या जमिनीच्या कडेला छोटं घर आणि बटाट्याचा तुकडा मिळालेलं कुळ. भाडं पैशात नाही, मालकाच्या शेतावर इतके दिवस राबून द्यायचं. त्याहून खालचे स्टातारे, मोठ्या जमीनदारीवरचे सालगडी. वर्षाचा करार, मजुरी बहुतेक धान्यादुधाच्या रूपात, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस करार संपला की खाटल्यासकट दुसऱ्या जमीनदारीवर. फक्त लग्न झालेलाच गडी घेतला जाई, कारण बायकोचे हातही करारात धरलेले असत. तिने पहाटे, दुपारी, संध्याकाळी मालकाच्या गाई पिळायच्या. या कामाला त्या बायका ‘पांढरा चाबूक’ म्हणत. ही पद्धत १९४५ पर्यंत चालू होती.

सुरुवातीला सांगितलेल्या आकृतीतली ती मधली फट म्हणजे ही माणसं. देवीतून वाचलेली, बटाट्यावर वाढलेली आणि जमिनीत वाटा नसलेली. १८६७ चा उन्हाळा आलाच नाही, पुढच्या वर्षी दुष्काळ पडला आणि मग जहाजं भरू लागली. १८५० ते १९३० या काळात बारा लाखांच्या आसपास स्वीडिश लोक अमेरिकेला गेले. १९०० मध्ये मायदेशात ५१ लाख माणसं होती हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. देश इतका रिकामा होईल या धास्तीने सरकारने १९०७ मध्ये चौकशी बसवली. संख्याशास्त्रज्ञ गुस्ताव सुन्दबेर्ग यांनी तिचं काम केलं.

एक तुलना इथे करायलाच हवी. स्वीडनमध्ये जन्म आणि मृत्यू यांतली फट कधीही फार रुंद झाली नाही, दशकाच्या सरासरीत दर हजारी बारा-तेराच्या वर गेली नाही. श्रीलंकेत मृत्युदर १९४६ मध्ये २० होता, तो १९४७ मध्ये १४ झाला. मलेरियाच्या डासांवरची डीडीटी फवारणी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. स्वीडनला जे अंतर काटायला कित्येक दशकं लागली, ते तिथे एका वर्षात कापलं गेलं, आणि १९५० च्या दशकात तिथली फट २५ च्या वर गेली. शिवाय बारा लाखांना सामावून घेणारी अमेरिका त्या वेळी कोणासाठी उघडी नव्हती. ‘युरोपने केलं तसं करा’ असा सल्ला नंतरच्या देशांना देणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडला.

पाळणे कशाने कमी झाले

आता जन्माचा रकाना. १८६१–७० पर्यंत तो ३१ च्या खाली आलेला नाही. १८८० नंतर मात्र तो थांबत नाही: २७, २२, १७, १४. कारखानदारीचा जोर आणि ही घसरण एकाच काळातली आहेत. तेव्हा गोष्टीचा दुसरा अर्धा भाग खरा मानावा का? बऱ्याच अंशी हो, पण ‘कारखाना’ या शब्दात नेमकं काय दडलंय ते बघून.

स्वीडनमध्ये जन्मावर लगाम आधीपासून होता. तो लग्नाच्या वयावर होता. एकोणिसाव्या शतकात बाईचं लग्न सरासरी २७ च्या आसपास होई आणि बऱ्याच बायकांचं होतच नसे. पण एकदा लग्न झालं की मुलं होत राहत, पाळी जाईपर्यंत. १८८० नंतर बदललं ते हे. लग्न झालेली जोडपी तीन-चार मुलांवर थांबू लागली.

साधनं? जवळपास काहीच नव्हती. बहुतेक ठिकाणी नवऱ्याने वेळीच आवरतं घेणं, नाहीतर अंतर ठेवणं. १८८० मध्ये अर्थशास्त्रज्ञ क्नुत विक्सेल यांनी उप्सालात, दारूबंदीवाल्यांच्या सभेत, गरिबी आणि दारूचं मूळ मोठ्या कुटुंबात आहे, लवकर लग्न करा आणि मुलं मर्यादित ठेवा, असं उघड सांगितलं तेव्हा गहजब झाला. १९१० मध्ये तर गर्भनिरोधकांची जाहिरात आणि जाहीर प्रचार यांवर कायद्याने बंदी आली. ती १९३८ पर्यंत टिकली. आणि नेमक्या याच २८ वर्षांत जन्मदर सर्वांत वेगाने घसरला! साधनं उपलब्ध केली की पाळणे थांबतात, असं मानणाऱ्यांनी ही २८ वर्षं नीट बघावीत. इच्छा होती, म्हणून वाट निघाली.

इच्छा कुठून आली, हे सांगायला मला कायद्यांच्या तारखा सर्वांत उपयोगी वाटतात. १८४२ मध्ये प्रत्येक पॅरिशने शाळा काढावी असा नियम झाला. १८८१ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायला मनाई झाली. शेतावर सात वर्षांचं पोर गुरं राखत होतं, बटाटे वेचत होतं. करवती गिरणीच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराचं सात वर्षांचं पोर शाळेत बसून खात होतं. वर्गात बसलेलं मूल घराला काही देत नाही, कपडे आणि बूट मात्र मागतं. १९१३ मध्ये सर्व नागरिकांसाठी वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा झाला, असा जगातला पहिलाच. म्हातारपणाची काठी म्हणून मूल, हे कारणही हळूहळू ढिलं पडलं. पण इथे जपून बोललं पाहिजे. ती पेन्शन तुटपुंजी होती आणि घसरण तिच्या तीस वर्षं आधी सुरू झाली होती. तिला फार श्रेय देऊ नये.

आणि मग मुलांचं जगणं. अठराव्या शतकाच्या मध्याला हजारातली सुमारे २०० मुलं पहिल्या वर्षात जात. १८५० ला दीडशेच्या आसपास, १९०० ला शंभर. कुठल्याही आईने हे तक्ते वाचले नव्हते. पण आपल्या आईने सहा पुरली होती, आपण एकच पुरलं, हे तिला ठाऊक होतं. ही खात्री बसायला दोन पिढ्या गेल्या. मृत्यूची रेषा उतरणं आणि जन्माची रेषा उतरणं यांच्यातला तो लांब काळ मला बराचसा याच विश्वासाचा वाटतो.

कारखान्यांनी मृत्यूवर काय केलं, तेही सांगून टाकतो. सुरुवातीला काही चांगलं केलं नाही, दाटीने रोगच वाढवले. शहरी मरण उतरलं ते नळाच्या पाण्याने (स्टॉकहोमला १८६१ मध्ये) आणि १८७४ च्या आरोग्य नियमावलीने. या कामांना लागणारा पैसा मात्र उद्योगांनीच आणला.

१९३४: फसवा आकडा

१९३४ साली स्वीडनचा जन्मदर १४ च्या खाली आणि मृत्युदर ११ च्या आसपास होता. म्हणजे जन्म जास्त, लोकसंख्या वाढते आहे, काळजीचं कारण नाही. वरवर बघणाऱ्याला असंच वाटेल. त्याच वर्षी आल्वा आणि गुन्नार म्युर्दाल या दांपत्याचं लोकसंख्येच्या संकटावरचं पुस्तक आलं आणि देशभर खळबळ उडाली. ते सांगत होते की देश आटतो आहे. दोन्ही एकाच वेळी कसं खरं?

दर हजारी जन्म म्हणजे सगळ्या लोकसंख्येवर भागलेले जन्म. त्यात म्हातारे किती, तरुण किती, हे दिसत नाही. १९३४ मध्ये विशी-तिशीत असलेल्या बायका जन्मल्या होत्या १९०० ते १९१४ च्या सुमारास, जेव्हा जन्मदर अजून २५ च्या जवळ होता. म्हणून आया होऊ शकणाऱ्या बायका भरपूर आणि मरणाच्या वयाचे म्हातारे कमी होते. प्रत्येक बाईमागे मुलं जेमतेम पावणेदोन, पण बायकाच इतक्या की बेरीज मरणापेक्षा जास्त निघे. हे भांडवल एका पिढीपुरतं होतं. पिढी टिकायला दर बाईमागे दोनाहून थोडी जास्त मुलं लागतात. जन्मदर आणि मृत्युदर एवढ्या दोनच रेषा बघून कुठल्याही देशाबद्दल मत बनवू नये, हे शिकवायला मी नेहमी हेच वर्ष घेतो.

म्युर्दाल दांपत्याचं म्हणणं असं, की मुलं नको म्हणून कोणी थांबत नाही, मुलाचा खर्च एकट्या घरावर पडतो म्हणून थांबतं. तो खर्च सगळ्यांनी वाटून घ्या. १९३५ मध्ये आयोग बसला. पुढच्या काही वर्षांत बाळंतपणासाठी मदत आली आणि १९३९ मध्ये लग्न किंवा गरोदरपण या कारणाने बाईला नोकरीवरून काढायला बंदी झाली. १९३८ मध्ये गर्भनिरोधकांवरची बंदी उठली. मुलं हवीत तर ती हवीहवीशी असावीत, हा विचार त्यामागे होता.

पण याच वर्षांत आणखी एक कायदा झाला, आणि तो वगळून हे प्रकरण लिहिणं अप्रामाणिक ठरेल. १९३४ मध्ये मंजूर झालेल्या आणि १९४१ मध्ये अधिक कडक केलेल्या नसबंदी कायद्याखाली १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० लोकांची नसबंदी झाली, बहुतेक बायकांची, त्यांतल्या अनेकींची दडपणाखाली. अधिक मुलं हवीत म्हणणारं राज्य कोणाची मुलं नकोत हेही ठरवत होतं.

मुलांचा सरसकट भत्ता १९४८ मध्ये आला. प्रत्येक मुलामागे वर्षाला २६० क्रोनर, थेट आईच्या हातात. या भत्त्याने जन्मदर उचलला असं बऱ्याचदा लिहिलं जातं. तारखा मात्र दुसरंच सांगतात. १९३० च्या दशकात लग्न आणि मुलं पुढे ढकललेल्या जोडप्यांनी युद्धाच्या वर्षांत संसार मांडले, आणि १९४४-४५ मध्येच जन्मदर दर हजारी २० च्या वर पोचला होता. पहिला भत्ता आईच्या हातात पडला तेव्हा तो पुन्हा उतरणीला लागला होता.